तारखेवर भरवसा ठेवणारा आनंदा

आनंदाच्या पोरीचा, प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी वालूरच्या बाजारात मिरचीची रोपं निवडत होतो. "काका, पप्पा गेले..." एवढंच बोलली पोरगी. सकाळी चहाचा कप हातात धरलेला आणि आनंदा खुर्चीतच कलंडला. रोपं तिथंच टाकून निघालो, पण अर्ध्या वाटेत पाय थांबले. कोणत्या तोंडानं जायचं? कितीतरी महिने मी त्या माणसाशी बोललो नव्हतो. आता महिना उलटून गेला, तरी त्याच्यावर लिहायला बसलं की आधी तेच आठवतं आणि स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटते.

आम्ही एका बाकावरचे. त्याचे वडील आमच्या शेतात सालगडी होते. आनंदा हट्टानं शिकला, तहसिलीत कारकून झाला. मी मास्तर झालो. सरकारी कागद आला की गावातला कुणीही त्याच्याकडं धावायचा. हा बाबा आधी खालचा सही-शिक्का बघणार, मग चष्मा पुसून मजकूर वाचणार. रिटायर झाल्यावर त्याला कांद्याचं वेड लागलं. आम्हा दहाबारा जणांना गोळा करून म्हणाला, "आपला कांदा दुबईला काहून जाऊ न्हाई?" मी म्हणलं, "आन्या, तू परभणीच्या पुढं गेलास का कधी?" पण पठ्ठ्यानं नोंदणी कशी करायची, कोणत्या आकाराचा कांदा लागतो, कोणत्या जाळीच्या पिशव्या लागतात, सगळं शिकून घेतलं. पहिल्या वर्षी मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत आमचा माल समुद्रापार गेला. दुबईच्या दुकानात रचलेल्या लाल पिशव्यांचा फोटो तो हॉटेलात चहा प्यायला आलेल्या अनोळखी माणसालासुद्धा दाखवायचा. मी लय चिडवलं त्याला त्यावरून.

पुढच्या हिवाळ्यात शहरात कांदा महागला आणि सरकारला घाम फुटला. निर्यात बंद! आदेश निघाला तोच लागू. बांधावर पिकवणाऱ्याला कुणी विचारलं नाही, की बाबा तुझं काय. पण त्या आदेशात बंदी कधीपर्यंत, ती तारीख दिलेली होती. आनंदानं कागद छापून आणला, प्लॅस्टिकमध्ये घातला आणि आम्हा सगळ्यांना बसवून वाचून दाखवला. "ह्या तारखेला बंदी उठती. तवर माल धरून ठिवा."

"आणि न्हाई उठली तर?" मी विचारलं.

"गुरुजी, मह्या बापाला ह्या गावात कुणी खुर्ची दिली न्हाई. मला दिली ती कागदानं. सही-शिक्क्याचा कागद खोटं बोलत न्हाई."

व्यापारी शेतात येऊन कांदा मागत होता. भाव पडलेला, पण मागत तरी होता. आम्ही नाही म्हणलं. हा कांदा फार दिवस टिकणारा नव्हे, हे मला ठाऊक होतं. तरी आनंदाच्या शब्दावर थांबलो. दिवस मोजत होतो... आणि तारीख आठवड्यावर आली तेव्हा नवा आदेश निघाला. बंदी चालूच, पुढचा हुकूम होईपर्यंत. बस्स. तारीखच नाही.

शेडमध्ये पाऊल टाकवत नव्हतं, असा वास. कांद्याला कोंब फुटले, खालचा थर पाझरायला लागला. निम्मा मेंढ्यांना घातला, निम्मा खड्ड्यात लोटला. पुढं कधीतरी निर्यात खुली झाली, तोवर आमच्याकडं कांदा नव्हता आणि दुबईवाल्यानं दुसऱ्या देशाचा माल धरला होता.

आनंदा घरोघर फिरला, प्रत्येकाला हात जोडत. माझ्या दारात आला, चप्पल बाहेर काढून उभा राहिला. माझं डोकं फिरलेलं. मी त्याचा बाप काढला. म्हणलं, "तुह्या बापाला तरी कांदा कळत होता. तू नुसते कागद चाटत बसलास." त्यानं मान वर केली नाही. चप्पल हातात घेऊन अनवाणीच गेला. दिल्लीवर ओरडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून समोर सापडला त्याच्यावर ओरडलो. हे मला तेव्हाही कळत होतं. देवा, तेव्हाही कळत होतं!

आनंदाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. भिक्खूंनी बुद्धवंदना घेतली, माणसं जेवायला उठली, तेव्हा आनंदाच्या बायकोनं, सुमनवहिनींनी मला आत बोलावलं. एक फाईल पुढं केली. आम्हा प्रत्येकाच्या नावानं त्यानं सरकारकडं नुकसानभरपाईचे अर्ज केले होते, हातानं लिहून, पोस्टाच्या पावत्या टाचून. बाकी सगळ्यांचे गेलेले. एकच राहिलेला, माझा. सर्व्हे नंबर बरोबर, पीक बरोबर, आणि खाली 'अर्जदाराची सही' याच्यासमोर पेन्सिलीनं बारीक फुली.

"ह्या सहीसाठी दोनदा फोन लावला होता तुमाला," वहिनी म्हणाल्या. "तुमी कापला. मी म्हणलं, तुमीच करा की सही, कोण बघतंय. तर मह्यावर ओरडले. दुसऱ्याची सही म्या करू व्हय, म्हणले."

तो अर्ज आता माझ्या टेबलावर आहे. काल मी त्या फुलीवर सही केली. आता हा कुठल्या कचेरीत, कुठल्या टेबलावर द्यायचा, ते मला माहीत नाही. ते ज्याला विचारायचं, तो माणूस राहिला नाही.