वरून पाहिलेली शिवण

माझी आत्या ताडपत्र्या शिवते. ट्रकच्या, होड्यांच्या, दुकानांपुढच्या. तिच्या शेडमध्ये मेणाचा आणि मशीनच्या तेलाचा वास असतो आणि बसायला जागा नसते, कारण जमीन हेच तिचं टेबल.

भाजीबाजारावरचं कापडी छत तिनंच शिवलं. पांढरंशुभ्र, आणि मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा पट्टा. शेडमध्ये मावेना म्हणून तुकड्यातुकड्यानं शिवून बाजारातच जोडलं. इतकं मोठं काम तिच्या हातून पुन्हा झालं नाही. पण अख्खं छत तिनं कधी पाहिलंच नव्हतं. खालून दिसायचे ते खांब, दोर आणि गाळून आलेला उजेड. आसपास उंच इमारतही नाही.

आता तिथं पत्रे येणार होते. कापड उतरवायच्या तयारीला शिडीवर चढलेला बाजाराचा मुकादम वरूनच ओरडला, "बाई, पट्टा वाकडा आहे हो तुमचा!"

आत्या धुमसतच घरी आली. "माझी शिवण आणि वाकडी? छत उतरायच्या आत मला ते वरून बघायचंय."

मी बोलावलेला ड्रोनवाला आला, वारा बघून परत गेला. मी म्हटलं, त्याला नको असलेला वारा पतंगाला हवाच असतो. पतंगाच्या दोरीला कॅमेरा टांगून फोटो काढायचा खटाटोप मी कॉलेजात केला होता.

"कापडाचंच काम ना? मग भाषण पुरे, माप सांग," आत्या म्हणाली.

छत्रीच्या कापडाचा, माझ्याहून उंच पतंग तिनं शिवला. तंबूच्या काड्या, सगळीकडे दुहेरी टाके. कॅमेरा आपोआप फोटो काढत राहील असा लावून मी तो पतंगापासून बराच खाली दोरीला टांगला, म्हणजे त्याला हिसके कमी बसतात. तरी बाजारात पतंग वर जाताच प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला. एकही फोटो धड आला नाही.

"आत्या, याला भोक पाडावं लागेल. थोडा वारा आरपार गेला की शांत होईल."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शेड पेटवायला सांगतोय. "जन्मभर लोकांच्या ताडपत्र्यांची भोकं बुजवली मी. आणि तू मला चांगल्या कापडाला भोक पाडायला सांगतोस?"

कात्री उचलली, ठेवली. पुन्हा उचलली. "तोंड तिकडे कर," म्हणाली. कर्र् आवाज आला. मग तिनं त्या भोकाच्या काठाला पट्टी लावून अशी सुबक शिवण घातली की भोक पाडण्यासाठीच पतंग केला असावा.

या वेळी तो वर जाऊन खिळल्यासारखा उभा राहिला. उतरवल्यावर कांद्याच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून आम्ही फोटो उघडले. पट्टा सरळ येत होता आणि शेवटच्या खांबाजवळ खरंच वळला होता. आत्याचा चेहरा पडला. मग ती पडद्याला नाक लावून बघू लागली.

"मोठं कर. अजून." बोट थांबलं. "टाके सरळ आहेत. कापडच घसरलंय. कोपऱ्याचा दोर ढिला आहे." तिनं मुकादमाला हाक मारली. "भाऊ, हा दोर कोणी बांधला?"

त्यानं वाकून पडद्यावर पाहिलं. "आमच्याच माणसांनी."

"मग ओढून घ्या."

"अहो बाई, उद्या उतरवायचंय ते!"

"उद्या उतरवा. आज ओढा."

भाजीवाले हसले. "ओढा की मुकादम, बाई सोडणार नाहीत!" मुकादमाच्या दोन माणसांनी दोर ओढून बांधला. आम्ही पतंग पुन्हा चढवला. दोरीला एवढी ओढ होती की हातमोज्यांतूनही ती आत्याला काचत होती, पण आत्या दोरी माझ्याकडे देईना.

या फोटोत पांढऱ्या छतावरून निळा पट्टा पट्टीनं आखल्यासारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. आत्यानं तो डोळे भरून पाहिला आणि लॅपटॉप मुकादमाकडे वळवला.

"बघा," ती म्हणाली. "सावकाश बघा. मला घाई नाही."