कापडाखालची अक्षरं

माझे यजमान सुधीर घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांचं छोटं विमान बांधत होते. ते गेले तेव्हा एका पंखावर फायबरग्लास चढवायचं राहिलं होतं. त्यांच्या कामाला दुसऱ्याचा हात लागला की ते पुसले जातील, या भीतीने मी सहा महिने शेडचं कुलूप काढलं नव्हतं. परवा त्यांचे मित्र विनायक आले, तेव्हा काढलं.

फोमच्या पंखावर सुधीरने पेन्सिलने लिहिलं होतं, 'इथे घाई नको.'

"वहिनी, हे घासून काढू?"

"राहिलं तर काही बिघडेल?"

"नाही. पण वर कापड येणार."

त्यांनी काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड अंथरलं आणि अक्षरं दिसेनाशी झाली. असं पांढरं कापड मी एकदा पाहिलं होतं. मी मान वळवली.

विनायक कापडावर रेझिन, म्हणजे कापड पंखाला चिकटवणारा पातळ द्रव, ओतून रबरी पट्टीने कडेकडे सारत होते. "पांढरा ठिपका दिसला की सांगा. तिथे हवा अडकलेली असते. एका ठिपक्यासाठी सुधीर माझा दिवसभर उद्धार करायचा."

मी वळून पाहिलं. रेझिन जिरलं होतं तिथे कापड काचेसारखं नितळ झालं होतं. पांढरेपणा ओसरत होता आणि खालून अक्षरं वर येत होती, आधीपेक्षा ठळक. झाकणं आणि जपणं एकाच हाताने होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"रंग दिल्यावर दिसणार नाही हं," विनायक हळूच म्हणाले.

"असू दे. 'नको'च्या शेजारी एक ठिपका राहिलाय, भावोजी. तो आधी काढा."