‘नय’ लिहिणारा हात

बाजारामागच्या भिंतीवर रिकाम्या घागरी डोक्यावर घेतलेल्या बायांचा मोर्चा रंगवलेला आहे. खाली लिहिलंय, ‘नय हाय, पानी नाही’. सही नाही. रस्ता रुंद करायला ती भिंत पाडणार आहेत. त्याआधी फोटो घ्यायला शहरातून एक सर आणि एक मॅडम आले. चित्र कोणी काढलं, ते विचारत होते.

“नय, पानी... पेंटर हिंदी बोलणारा असावा. बाहेरचा,” सर म्हणाले.

मी शेजारी भाजी घेत होते. परक्या माणसापुढे माझी जीभ टाळूला चिकटते. तरी बोलले, “नय म्हंजे नळ. आमी नळाले नयच म्हनतो. माया बाबानं काढलं हे.”

“अवो बाप्पा, मुकी बोलली!” भाजीवाली हसली.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. गिऱ्हाईक कागदावर लिहून देई, ते तसंच उतरवत. या चित्राला कागद देणारं कोणी नव्हतं. बोलत तसं लिहिलं. मग पोलिसांनी त्यांना नेलं. परत आले तेव्हा उजवा हात सुजून टम्म झाला होता. पुन्हा त्यांनी चित्र काढलं नाही.

आता बाबा खाटेवरून उठत नाहीत. भिंत जाईल, तेही जातील. त्याआधी कोणीतरी त्यांना ‘तुमचं चित्र’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मी दोघांना घरी आणलं.

सरांनी मोबाइल पुढे धरला. “काका, हे तुम्ही काढलं?”

बाबांनी फोटो पाहिला. मग सरांच्या कमरेचा पट्टा पाहिला.

“नाही साहेब. मले लिहता बी येत नाही.”

“बाबा, काऊन असं म्हनता? सांगा ना!”

त्यांनी उजवा हात गोधडीत ओढून घेतला. “पोरगी येडी हाय साहेब. तिचं मनावर घेऊ नका.”

दोघं उठून निघाले. मी त्यांच्या गाडीमागे धावले, खिडकीची काच धरली. बाबाच, बाबाच, एवढंच तोंडातून निघत होतं.

“ताई, मला पटतंय हो,” मॅडम म्हणाल्या, “पण ते स्वतःच नाही म्हणतात. नाव कसं लिहू?”

गाडी गेली. घरात आले तर बाबा दाराकडेच बघत होते.

“गेले पोलीस?”

“गेले.”

“मायं नाव तं नाही सांगतलं?”

“नाही बाबा.”

हात हळूच गोधडीबाहेर आला.

“कडी लाव,” ते म्हणाले. मी लावली.