कडीचा लाल दोरा
शिवणाच्या डब्यात लाल रीळ दिसलं की उमेळ्याच्या वाडीतलं आमचं घर आठवतं. अथेन्सला नोकरी लागली म्हणून मी ग्रीक शिकत होते आणि नामांची लिंगं लक्षात राहावीत म्हणून घरभर दोरे बांधत होते. आरसा पुल्लिंगी म्हणून निळा, टेबल नपुंसकलिंगी म्हणून पिवळा, आणि दार तिथे स्त्रीलिंगी, म्हणून कडीला लाल. माझ्या जाण्यावर रुसलेली आई त्या दोऱ्यांकडे बघतही नव्हती. एकदा संध्याकाळच्या प्रार्थनेला आलेल्या मावशीने तिला विचारलं, "हे दोरे कसले गं? नवस बोललीस की काय?" कडीचा सुटत आलेला दोरा घट्ट करत आई म्हणाली, "होय, पोरगी तिकडे बोलती व्हावी म्हणून." आज इथे दाराचं लिंग मी चुकत नाही, पण कडी लावताना बोटं अजून तो दोरा शोधतात.