पाणी तोडून शेरूचं मुतणं थांबत नाही

अन् मी पुन्हा सांगतो, पाणी तोडल्यानं म्हाताऱ्या कुत्र्याचं मुतणं थांबत नाही!

आज सकाळी सुरतहून प्रताप नगरच्या घरी व्हिडिओ कॉल लावला. मोठा भाऊ आमच्या चौदा वर्षांच्या शेरूले पट्ट्यानं झोडपून राहिला होता. शेरू झोपेत गादीवर मुतला म्हणून. पाणीच नाही प्याला तर मुतणार नाही म्हणून पाण्याचं भांडंही पालथं.

"दादा, हात तोडीन तुझा!"

"ये ना गा, तोड! गादी तू येऊन धुणार आहे का?"

मी कामावरच होतो, हातातला लोखंडी पाना इथल्या भिंतीवर हाणला.

तेवढ्यात आईनं पट्टा हिसकावला अन् दादालेच एक ठेवून दिला. "सातव्या वर्षापर्यंत तू गादी भिजवली. तुले पट्ट्यानं मारलं का म्या?"

मित्रहो, तुमच्या घरी म्हाताऱ्याले असंच मारता का?

आई, भांडं भरून ठेव. शेरूले डॉक्टरकडे ने. पाठवून राहिलो, एकवीसशे रुपये.