वडाचं सूत आणि अंगणातली तोटी

सासूबाई कोडोलीला लेकीकडं गेल्या तवा दारातनं परत फिरून सांगून गेल्या, "शेरडी नळाला बांधायची न्हाय. परत दिसली की तुझ्या म्हायेरी धाडून देणार बघ." शेरडी माझ्या भावानं दिलेली. पोर सात म्हैन्याची, तिला माझं अंगावरचं दूध पुरंना. शेरडी गेली की पोरीचं दूधच गेलं. एवढं कळत असून मी त्या दिवशी ती नळालाच बांधली. मग कुठं बांधू? नवऱ्याला दोन म्हैनं सांगत हुते, एक खुंटी ठोका. ते शिरोलीच्या फौंड्रीतनं यायचे, जेवायचे आणि झोपायचे.

दुपारी कुत्रं भुंकलं, शेरडीनं हिसडा मारला, आणि तोटी पाईपातनं निघाली की! दोरीच्या टोकाला तोटी घिऊन शेरडी अंगणभर नाचतीया, पोर कडेवर रडतीया, आणि घड्याळात तीन वाजल्यात. नळाला पाणी चारला यायचं. सासूबाईंची परतीची एसटी बी चारलाच.

शेजारचं मामा पंप दुरुस्तीचं काम करायचं, पण त्यांच्या पायाला प्लास्टर. कट्ट्यावर बसून त्यांनी भिंतीवरनं पाना टाकला.

"तोटीच्या आट्यावर सूत गुंडाळ आणि कस. सोप्पं हाय."

सूत कुठलं? शिवायचा दोरा संपलेला. देवाजवळ सासूबाईंनी वटपौर्णिमेसाठी आणलेली सुताची गुंडी हुती. पौर्णिमा चार दिवसांवर. हात लावायला भ्या वाटत हुतं, तरी उचलली. पोरीला पोत्यावर बसवलं, सूत गुंडाळलं, तोटी फिरवली. सगळं सूत गोळा होऊन भाईर आलं.

"उलटं गुंडाळलंस!" मामा कट्ट्यावरनं वरडलं. "कसताना सुटतंयच की ते!"

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय, मामा?"

"तू इचारलंस कुठं?"

त्या माणसाला पान्यानंच हाणावं असं वाटलं. परत गुंडाळलं. तोटी वाकडी बसली. परत काढली. तवर पोरीनं चिखल तोंडात घातलेला. तिचं तोंड पुसलं, शेरडी दाराच्या कडीला अडकवली, परत सूत. अर्धी गुंडी संपली. मामांचं चालूच, "लई जोर लावू नको, पाईप तुटंल. अगं, जरा जोर लाव की!"

शेवटी तोटी घट्ट बसली. पाईपात फुस्स फुस्स वारं सुटलं, पाणी आलं, आणि फाटकातनं सासूबाई आल्या. एका टायमाला दोन्ही.

तोटी निघाली न्हाय. टिप टिप तेवढी गळत हुती. मी पदरानं झाकून उभी. सासूबाईंनी पिशवी ठेवली, मला बाजूला सारलं आणि वाकून बघितलं. सांध्यातनं पांढरं सूत डोकावत हुतं.

"हे माझं वडाचं सूत न्हवं?"

मी सगळं सांगून टाकलं, रडत, एका दमात. शेरडी, कुत्रं, मामा, उलटं सूत. म्हटलं, "शेरडी धाडू नका, आत्ती. मला काय बी बोला."

त्यांनी तोटी उघडली, बंद केली, परत उघडली. "वडाला गुंडाळलं तर सात जन्म," म्हणाल्या. "हितं सात दिस टिकलं तरी लई झालं."

मामा कट्ट्यावरनं हसलं. "तुमी गप बसा वो," सासूबाईंनी त्यास्नी झाडलं, "पाय मोडलाय, तोंड न्हाय मोडलं."

मग शेरडीकडं गेल्या. त्यांनी कडीची दोरी सोडली, सरपणातनं एक जाडं लाकूड काढलं, दगड घेतला आणि अंगणाच्या कोपऱ्यात खुंटी ठोकली. पाच मिनटं बी लागली न्हाईत.

दोन म्हैनं मी नवऱ्याच्या मागं लागलेली. माझ्या हाताला काय झालतं, हे मला आजपतुर कळलेलं न्हाय.