देवळासमोरच्या सायकली

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास सांगलीत मला एका खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर सायकली मोजायचं काम मिळालं. पुरेशा सायकली दिसल्या, तरच त्या रस्त्यावर खडी पडणार होती. रस्त्यांची कामं बघणाऱ्या ओव्हरसियरसाहेबांनी मला मारुतीच्या देवळासमोर उभं केलं. म्हणाले, "बसून जाणारेच मोज. चालणाऱ्याला खड्डे काय करणार?" प्रत्येक सायकलीमागे डब्यात एक चिंचोका टाकायचा होता. पण देवळापाशी येताच जो तो उतरायचा आणि सायकल ढकलत पुढे जायचा. माझा डबा रिकामाच.

हँडलला किटल्या अडकवलेल्या दूधवाल्यानं विचारलं, "मला मोजणीत धरलंसा न्हवं? खड्ड्यांनी लय दूध सांडतंय."

"तुम्ही तर चालत होता."

"आवं, देवाम्होरनं बसून जाऊ व्हय? मारुतीनं पाडलं तर तुमी उचलणार?"

मी गोंधळलो. इतक्यात साहेब सायकलवरून आले, उतरले, देवाला हात जोडले आणि सायकल ढकलत माझ्यापाशी आले.

"साहेब, ही धरायची?"

ते सायकलीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "धर."

दूधवाल्याचाही चिंचोका मी लगेच टाकला. पण सकाळपासून सोडून दिलेले बाकीचे किती, ते कसं सांगणार? आकडा कमी भरला आणि खडी पडली नाही. चूक नक्की कोणाची, हे मला अजून कळलेलं नाही. तरी दूधवाला दिसला की मी मान खाली घालायचो.